पान तिथेच डुलतं

प्रिय मुली,

तुझी वही पोचली. समुद्राची लाट, वाळूवरच्या वळ्या, सापाची चाल, ध्वनी, ढगांची नागमोडी रांग. पाच चित्रं आणि खाली तुझा प्रश्न, ‘हे सगळे तरंगच ना?’ चित्रं जीव लावून काढली आहेस. पण नुसत्या आकारावरून ठरवू नकोस. प्रत्येकापाशी थांब आणि विचार, इथून पुढे जातंय काय आणि जागच्या जागी राहतंय काय?

तळ्यात सुकं पान सोड, मग जरा लांब खडा टाक. तरंग काठाला लागतो. पान मात्र वर-खाली, थोडं पुढे-मागे होत जवळपास तिथेच डुलतं. प्रवास ऊर्जेचा, पाण्याचा नव्हे. उचललेलं पाणी गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, ते वेगाच्या भरात जास्तच खाली जातं आणि परत वर येतं. (तरंगलांबी, म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर, साधारण पावणेदोन सेंटिमीटरहून कमी असेल, तर ओढण्याचं काम मुख्यतः पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण करतो.) माघारी ओढणारं कोण, हे शोधायची सवय लाव.

वाळूत असं ओढणारं कुणी सापडत नाही. वारा कण उडवतो, ते उड्या मारत खरोखरच पुढे जातात. वळीची वाऱ्याकडची बाजू झिजते, आडोशाची भरते आणि वळी सरकते. साप तर स्वतःच्या स्नायूंनी अंगाला वळण देतो; वळण शेपटीकडे जातं, साप पुढे.

ध्वनीच्या चित्रात तू हवाच नागमोडी काढलीस. हवेचे कण ध्वनीच्या दिशेतच पुढे-मागे हलतात; दाट-विरळ पट्टे पुढे जातात. नागमोडी रेघ हा दाबाचा आलेख आहे. मीही कॉलेजात जाईपर्यंत हीच चूक करत होतो, म्हणून आवर्जून सांगतो.

१८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या एका कालव्यात घोड्यांनी ओढलेली होडी एकाएकी थांबली. तिच्यापुढे उसळलेलं पाणी गुळगुळीत उंचवटा होऊन तसंच पुढे निघालं. जॉन स्कॉट रसेल हे स्कॉटिश अभियंते घोड्यावरून त्या उंचवट्यामागे गेले. वेग तासाला आठ-नऊ मैल, आकार जवळपास तोच. मैल-दोन मैलांवर कालव्याच्या वळणांत तो हरवला. एकच माथा, मागेपुढे दरी नाही! नामांकित गणितज्ञांना हे पटेना. रसेल यांनी हौद बांधून तशा लाटा पुन्हा पुन्हा उठवल्या, मोजल्या. अशा लाटेचं गणित मांडणारं कोर्टेवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांचं समीकरण आलं १८९५ मध्ये, रसेल जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. पाच लाटा वहीत उतरवण्यापेक्षा तू एकीचा असा पाठलाग करावास, असं मला फार वाटतं.

ढगांबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. हवेचे दोन थर वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून सरकताहेत, एवढं धर. ढकलणारं कोण आणि माघारी ओढणारं कोण, ते पुढच्या पत्रात तू लिही.