मूलभूत कर्तव्ये पाळली नाहीत तर शिक्षा होते का?

नाही, केवळ राज्यघटनेच्या कलम ५१क मधलं कर्तव्य पाळलं नाही म्हणून कुणालाही थेट शिक्षा होत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही दहा कर्तव्ये आली, अकरावं (६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं) २००२ मध्ये वाढलं. ही कर्तव्ये सुचवणाऱ्या स्वर्णसिंह समितीने कर्तव्य मोडल्यास दंडाची आणि कर भरण्याचा यादीत समावेश करण्याची शिफारस केली होती, पण दोन्ही स्वीकारल्या गेल्या नाहीत. मतदानही या यादीत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

मात्र काही कर्तव्यांमागे स्वतंत्र कायदे उभे आहेत आणि तिथे शिक्षा होते. उदाहरणार्थ:

- राष्ट्रध्वजाचा सार्वजनिक अवमान किंवा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा: १९७१ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद
- रायगडासारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्याच्या दगडावर आपलं नि मैत्रिणीचं नाव कोरणं: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही

राष्ट्रगीताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. केरळमधली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, कारण न गाणं म्हणजे अपमान नव्हे. माझ्या मते देशप्रेमाची परीक्षा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा निकाल वाचायलाच हवा.