कोकण रेल्वेवर जिल्ह्यांतर्गत गाडी : रेकच्या आधी वेळापत्रक मागा

आपला प्रश्न असा आहे की, कोकण रेल्वेचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले, तरी चिपळूण ते सावंतवाडी अशी मुंबईसारखी अर्ध्या-अर्ध्या तासाने धावणारी लोकल अजून का सुरू होत नाही. त्यावर आलेल्या बहुतेक प्रतिसादांचा सूर ‘इच्छाशक्तीच नाही’ असा आहे. वाहतूक नियोजनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या सुरात सूर मिसळण्याआधी थोडे गणित मांडतो. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

विजेमुळे गाडी कशावर ओढली जाते ते बदलले. एका दिवसात मार्गावरून किती गाड्या जाऊ शकतात, हे त्याने फारसे बदललेले नाही. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या सुमारे 740 किलोमीटरांपैकी रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरांचा भाग 2021 मध्ये दुहेरी झाला. आपण म्हणता तो चिपळूण–सावंतवाडी पट्टा एकेरीच आहे. एकेरी मार्गावर दोन क्रॉसिंग स्थानकांच्या (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात) मध्ये, म्हणजे एका ब्लॉक सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी असू शकते. मुंबईत तीन-चार मिनिटांनी लोकल सुटते ती स्वतंत्र अप-डाउन मार्ग आणि स्वयंचलित सिग्नल यांच्या जोरावर. कोकणात समोरून येणारी गाडी स्थानकात येऊन उभी राहीपर्यंत आपली गाडी सुटत नाही. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरने गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे: गाडी लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर घेतली जाते, स्टार्टर (गाडी सोडण्याचा सिग्नल) लाल असतो, मंडळी फलाटावर उतरून पाय मोकळे करतात, समोरून एक्सप्रेस न थांबता निघून जाते, आणि सिग्नल आता पडेल असे वाटत असतानाच मागून आलेल्या दुसऱ्या गाडीला पुढे सोडतात.

मार्गाची क्षमता काढण्यासाठी आपल्या रेल्वेत स्कॉट यांचे सूत्र वापरतात. दिवसाच्या 1440 मिनिटांना एका बेरजेने भागायचे. त्या बेरजेत दोन वेळा येतात : सर्वांत अडचणीच्या सेक्शनमधून सर्वांत संथ गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉक घेण्या-देण्याचा, म्हणजे सेक्शनमध्ये गाडी सोडण्याची परवानगी पुढच्या स्थानकाकडून मिळवण्याचा वेळ. येणाऱ्या उत्तराचे 70 टक्के धरायचे. उदाहरणादाखल सेक्शन पार करायला 16 मिनिटे आणि ब्लॉकला 4 मिनिटे धरली, तर भागाकार 72 येतो आणि प्रत्यक्षात दोन्ही दिशा मिळून 50 गाड्या निघतात. त्याच सेक्शनच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्थानक उभारले, तर 16 ची 8 मिनिटे होतात आणि उत्तर 84 वर जाते. अर्थात हा आकडा कागदावरचा, कारण मग शेजारचा सेक्शन आडवा येतो. त्यामुळे अशी स्थानके सुटी उभारून भागत नाही, ती ओळीने लागतात. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही नवी स्थानके याच कामाची आहेत. त्यांच्या उद्घाटनाला लोक ‘इथे उतरणार कोण’ असे विचारत होते; पण तिथे कोणीही उतरले नाही तरी ती आपले काम करतात.

आता मागणीकडे वळू. अर्ध्या तासाच्या लोकलला लागते तेवढी गर्दी या पट्ट्यात नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाख होती, आणि दोन्ही आकडे 2001 पेक्षा कमी होते. कॉलेज, जिल्हा रुग्णालय, न्यायालय, जिल्हा परिषद, बाजार या कामांसाठी रोज ये-जा करणारा माणूस इथे आहे, पण तो विखुरलेला आहे. त्याच्या दृष्टीने दिवसभरात एकूण गाड्या किती, याला फारसे महत्त्व नाही. काम आटोपल्यावर पुढची गाडी केव्हा आहे हे त्याला वेळापत्रक न पाहता सांगता यायला हवे. आज मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची यादी लांबलचक आहे, तरीही लांज्याच्या विद्यार्थ्याला किंवा कणकवलीच्या पक्षकाराला त्यांचा उपयोग होत नाही, कारण त्या मुंबईच्या सोयीने सुटतात आणि इथे कोणत्याही आडवेळी पोहोचतात.

या बाबतीत स्वित्झर्लंडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे, आणि तिथल्या गाड्या फार वेगवान म्हणून मी ते देत नाही. 1982 मध्ये त्यांनी देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली. 1987 च्या सार्वमताने मंजूर झालेली आणि 2004 मध्ये प्रत्यक्षात आलेली ‘बान 2000’ ही योजना त्याच तत्त्वावर उभी होती. आधी वेळापत्रक ठरवले आणि त्याला लागेल तेवढाच मार्ग बांधला. झुरिक ते बर्न हा प्रवास एका तासाच्या थोडा आत आणायचा होता, म्हणजे दोन्ही स्थानकांत पुढच्या गाड्या मिळाव्यात. तो आणखी दहा मिनिटांनी घटवण्यासाठी त्यांनी पैसा ओतला नाही.

हेच आपल्याकडे लावून पाहू. रत्नागिरी ते सावंतवाडी अंतर सुमारे 160 किलोमीटर आहे. सर्व थांबे घेणाऱ्या मेमूला (वेगळे इंजिन नसलेली, विजेवर चालणारी गाडी) तीन तास धरू आणि दर दोन तासांनी गाडी ठेवू. दोन्ही टोकांहून साडेपाच, साडेसात, साडेनऊ अशा वेळांना गाड्या सोडल्या, तर समोरासमोरच्या मेमू दर तासाला एकमेकींना भेटतात. साडेसातला रत्नागिरीहून निघालेली गाडी आठला आडवलीच्या आसपास, नऊला वैभववाडीच्या आसपास आणि दहाला कुडाळच्या आसपास क्रॉसिंग करील. ही तिन्ही क्रॉसिंग स्थानके आजच अस्तित्वात आहेत. एका दिशेचे तीन तास आणि टोकाला एक तास धरला, तर पूर्ण फेरी आठ तासांची होते आणि चार रेक, म्हणजे डब्यांचे चार पूर्ण संच लागतात, पाचवा राखीव. सावंतवाडीहून साडेपाचला निघालेली गाडी साडेआठला रत्नागिरीत पोहोचते, म्हणजे कार्यालये उघडण्याआधी. एक्सप्रेस, मालगाड्या आणि कोलाडहून सुटणारी, ट्रक वाहून नेणारी रो-रो यांच्यामुळे गाड्यांच्या वेळ-अंतराच्या आलेखावर काही ठिकाणी पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे करावी लागतील, एखादी फेरी वगळावीही लागेल. तरी सांगाडा टिकतो.

टोकाला पूर्ण तास रिकामा ठेवणे उधळपट्टी वाटेल, पण त्याचे कारण पावसाळा आहे. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले आणि पुढच्याच वर्षी आंबवलीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगर कापून केलेल्या कटिंगांचे उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे ही कामे झाली आणि पावसाळी वेळापत्रक अधिक काटेकोर झाले. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असे असे; 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर असे झाले. त्या काळात वेग उतरतो आणि मुसळधार पावसात तो ताशी 40 किलोमीटरांवर आणण्याचा आदेश आहे. यात सूट मागणाऱ्या निवेदनांवर मी सही करणार नाही. आपल्या मेमूने पावसाळ्यात पंधरा मिनिटे आधी, म्हणजे सव्वासातला निघावे आणि पंधरा मिनिटे उशिरा, पावणेअकराला पोहोचावे. प्रवास साडेतीन तासांचा होतो, टोकाला अर्धा तास उरतो, रेक तेवढेच लागतात आणि क्रॉसिंग आठ, नऊ, दहा याच वेळांना, जवळपास त्याच स्थानकांत राहते. कंट्रोलमध्ये बसणाऱ्या माणसाला याचे मोल लगेच कळेल.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते स्थानकाबाहेरचे अंगण. हा मार्ग ताशी 160 किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखला गेला. चढ 150 ला 1 पेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी नको, असे बंधन होते. त्यामुळे रूळ डोंगर फोडून सरळ गेले आणि गावे बाजूला राहिली. रत्नागिरीचे स्थानक कुवारबावला आहे, सावंतवाडीचे मळगावात, आणि राजापूर रोडवर उतरलेल्याला राजापूर अजून बरेच लांब आहे. गुहागर, मालवण, वेंगुर्ले ही किनाऱ्यावरची गावे तर मार्गावरच नाहीत. संध्याकाळच्या गाडीतून उतरलेली बाई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला मूल धरून बाहेर येते तेव्हा रिक्षावाला माणसे भरेपर्यंत हलत नाही, आणि एसटी असलीच तर ती दहा मिनिटांपूर्वी गेलेली असते. त्यात एसटीचाही दोष नाही. ज्या गाडीची वेळ रोज वेगळी, तिच्यासाठी डेपोने फेरी कशी बांधावी? गाडी दर दोन तासांनी त्याच मिनिटाला आली, तर डेपोलाही तसा आराखडा करता येतो. पहाटे खेड्यातून निघणारी वस्तीची एसटी शहराच्या स्टँडवर जाताना स्थानकावरून नेणे हे त्यातले सर्वांत स्वस्त काम आहे.

चिपळूणपर्यंत ही सेवा वाढवावी का? वाढवावी, पण दुसऱ्या टप्प्यात. दिवा–चिपळूण मेमू गणपतीत विशेष म्हणून धावली आहे, त्यामुळे त्या बाजूचा अनुभव रेल्वेच्या हाताशी आहे. सावंतवाडी टर्मिनसच्या रखडलेल्या कामाविषयी इथे पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून एवढेच म्हणतो की रात्री दोन रेक उभे करण्यापुरत्या लाइन आणि पाणी भरण्याची सोय मिळाली, तरी या योजनेचे भागते.

तेव्हा आपल्या प्रवासी संघाचे निवेदन ‘नवी लोकल सुरू करा’ अशा एका ओळीचे नसावे. पहिल्या पानावर दोन्ही टोकांच्या सुटण्याच्या वेळा, तीन क्रॉसिंग स्थानके आणि रेकची संख्या असावी. दुसऱ्या पानावर प्रत्येक स्थानकासाठी एसटीच्या कोणत्या फेरीची वेळ किती मिनिटांनी सरकवायची ते असावे. त्याची एक प्रत रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समितीला आणि दुसरी एसटीच्या विभाग नियंत्रकांना एकाच दिवशी द्यावी. आडवली ते वैभववाडी हा टप्पा एका तासाच्या हिशेबात जुळवताना आपल्याला सर्वांत जास्त त्रास होईल. तिथला आलेख काढून इथे टाकलात, तर मी तपासून देईन.