सोलापूरच्या संभाजी तलावावर बुलेटच्या सायलेन्सरचे फटाके फोडणाऱ्या पोरांना पोलीस चोप का देत नाहीत?

कारण चोप द्यायचा अधिकार पोलिसांना कायद्यानं दिलेलाच नाही. 'दोन दांडके घाला, सरळ होतील' हे ऐकायला बरं वाटतं, इतकंच.

रस्त्यावर शिवीगाळ, आरडाओरडा, धिंगाणा केला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 110 लागतं. नुसतं कठड्यावर बसून 'काय बे, लका' करत हसणं हा मात्र गुन्हा नाही, कितीही डोक्यात जात असलं तरी.

पोरगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय अधिनियम, 2015 येतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. किरकोळ प्रकरणात सहसा एफआयआरही नसतो, स्टेशन डायरीत नोंद होते आणि आईबापांना बोलावलं जातं. आणि खरी मेख तिथेच आहे: अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाला एकदा हे कळलं की किल्ली आपोआप कपाटात जाते!

त्रास चालू असतानाच 112 हा आपत्कालीन नंबर लावा. जागा, वेळ, गाडीचा नंबर सांगा. व्हिडिओ व्हायरल करू नका. पोरगं अल्पवयीन निघालं तर त्याची ओळख उघड केली म्हणून तुम्हीच अडकाल.