सगळं मोबाईलवर मिळतं, मग सार्वजनिक वाचनालयाची गरज काय?
गरज आहेच, आणि ती फक्त पुस्तकांपुरती नाही. आमच्या गावच्या वाचनालयात सकाळी दार उघडलं की निवृत्त मंडळी पेपरची पानं आपसात वाटून घेतात. मागच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं डबा घेऊन रात्रीपर्यंत बसतात, कारण दोन खोल्यांच्या घरात शांतता कुठून आणणार? काहीही विकत न घेता दिवसभर बसता येईल अशी दुसरी जागा गावात नाही.

अशा वाचनालयांची परंपरा जुनी आहे: रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, पण खरा गाडा ओढतात ते तुटपुंज्या मानधनावरचे ग्रंथपाल. आमच्या ग्रंथपाल बाई नवं प्रवासवर्णन आलं की माझ्या आईसाठी न सांगता बाजूला काढून ठेवतात.