इंज्युरी, वूंड आणि हर्ट यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘अपघातात तो जखमी झाला’ याचं इंग्रजी तुम्ही ‘ही वॉज वूंडेड इन ॲन ॲक्सिडेंट’ असं केलंत आणि सराव पेपरात ते चूक धरलं. डिक्शनरीत इंज्युरी, वूंड, हर्ट या तिन्हींपुढे जखम, इजा, दुखापत हेच शब्द आलटून पालटून दिलेत, मग फरक ओळखायचा कसा?

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात 19 वर्षं स्टाफ नर्स आहे. हे तिन्ही शब्द रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

आधी तुमचं वाक्य. ‘वूंडेड’ म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हत्यार येतं: गोळी, सुरा, बॉम्ब, लढाई. गाडीवरून पडला, खेळताना लागलं, भिंत अंगावर आली, तर माणूस ‘इंजर्ड’ होतो. म्हणून तिथं ‘ही वॉज इंजर्ड’ पाहिजे. नाम म्हणून मात्र वूंड वेगळं वागतं. कातडी फाटली, मांस उघडं पडलं की ती वूंड, मग ती तलवारीनं होवो की पत्र्यानं. त्यामुळे अपघातात सापडलेला माणूस इंजर्ड, पण त्याच्या नडगीवर वूंड, हे दोन्ही एकाच वेळी बरोबर आहे.

आपल्याकडे जखम म्हणजे हीच वूंड. इंज्युरी त्याहून फार मोठी. मुका मार, मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, मोडलेलं हाड, डोक्याच्या आतला रक्तस्राव, भाजणं, सगळं तिच्यात येतं. रक्ताचा थेंबही न सांडता माणूस जिवाला मुकेल इतकी इंज्युरी होऊ शकते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऊसतोड टोळीतली एक बाई आली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाय घसरला आणि डाव्या कुशीवर ट्रॉलीच्या कडेवर आपटली. रजिस्टरात रकाना होता ‘इंज्युरी’. मी विचारलं, “मावशी, जखम कुठं झाली?” त्या म्हणाल्या, “न्हाई ओ सिस्टर, जखम काई न्हाई. मार लागलाय नुसता.” लुगड्यावर रक्त नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी ‘निल’ लिहिलं आणि त्यांना बाकावर बसवलं.

अर्ध्या तासानं आमच्या मोठ्या सिस्टर तिथून चालल्या होत्या. मावशी आपला डावा खांदा दाबत बसल्या होत्या. सिस्टरनी मनगट धरलं. हात गार, घामानं ओला, नाडी बारीक आणि पळती. “खांदा का दाबताय?” “काय की ओ, लागलं कुशीला आन् कळ खांद्यात यायली. गरगरायलंय बी.” सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. पोटात साचलेलं रक्त वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की डाव्या खांद्यात कळ येते, हे त्यांना माहीत होतं. सलाईन लावून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फाटली होती, ती काढावी लागली. मावशी वाचल्या.

चूक माझी होती आणि ती एका शब्दाची होती. मी इंज्युरी विचारायला हवी होती, मी वूंड विचारली. मावशींनी खरंच उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी पेशंटला ‘जखम’ विचारत नाही. ‘कुठं लागलं? कसं लागलं?’ असं विचारते. माझ्या मते इंज्युरीला सगळ्यात जवळचा मराठी शब्द म्हणजे कुठलं नाम नसून ‘लागणे’ हे क्रियापद आहे. कापूस वेचताना बोंडाच्या वाळल्या टोकानं नखाशेजारी चरचरतं तेही लागणंच आणि बरगडी मोडते तेही लागणंच.

लेखी भाषेत मात्र नाम लागतं, तिथं ‘दुखापत’ किंवा ‘इजा’ लिहा. वर्तमानपत्रात ‘गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळाडू संघाबाहेर’ असतं, कुणी गुडघ्याची जखम म्हणत नाही.

कायद्यात तर हा शब्द आणखी रुंद होतो. मूळ लॅटिनमध्ये ‘इन’ म्हणजे नाही आणि ‘यूस’ म्हणजे हक्क, न्याय. म्हणजे इंज्युरीचा पहिला अर्थ अन्याय. शरीर नंतर आलं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत आणि तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही इंज्युरी म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा केलेला कुठलाही अपाय. हर्ट मात्र फक्त शरीराचं: वेदना, रोग किंवा दुर्बलता. रोजच्या बोलण्यात नेमकं उलटं आहे. तिथं हर्ट मनापर्यंत जातो आणि इंज्युरी शरीराशी थांबते. परीक्षेत उतारा कायद्याचा आहे की साधा, हे आधी बघा.

आमच्याकडे मारामारीचे पेशंट आले की डॉक्टरांना सिंपल हर्ट की ग्रीव्हस हर्ट हे लिहावं लागतं. ग्रीव्हस म्हणजे पोलीस लिहितात ती ‘जबर दुखापत’. हाड मोडलं किंवा नुसता दात तुटला तरी ती जबर. ठरावीक दिवस तीव्र वेदना राहिली किंवा रोजचं काम बंद पडलं तरीही ती जबर; हे दिवस जुन्या कायद्यात 20 होते, नव्या संहितेत 15 झाले. लोक समजतात जास्त टाके म्हणजे जबर. तसं नाही. हातावर सहा टाके पडूनही दुखापत साधी ठरते आणि रक्त न येता मोडलेलं बोट जबर ठरतं.

हर्टला मराठीत ‘दुखावणे’ फार चपखल बसतं. पाय दुखावला, मन दुखावलं. इंग्रजीतही दोन्हीकडे हर्टच. रूप मात्र लक्षात ठेवा: भूतकाळातही हर्ट, ‘हर्टेड’ असा शब्द नाही. वस्तूंना यातलं काहीच लावू नका. गाडी इंजर्ड होत नाही, डॅमेज होते.

उच्चाराचं राहिलं. जखमेच्या अर्थी ‘वूंड’. त्याच स्पेलिंगचा ‘वाउंड’ हा गुंडाळणे, चावी देणे या क्रियापदाचा भूतकाळ आहे. इंग्रजीत ‘इंजरी’ म्हणतात, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. आपण सगळे इंज्युरी म्हणतो, तोंडी परीक्षेत तेवढं सांभाळा. आणि ‘ॲडिंग इन्सल्ट टु इंज्युरी’ आलं तर शब्दाला शब्द लावत बसू नका, ‘जखमेवर मीठ चोळणे’ लिहा. तिथं इंज्युरीची जखम केलेली चालते.