वाचकांचे प्रश्न : धनुष्कोडी ते तलैमन्नार पूल

प्रश्न : धनुष्कोडीपुढे समुद्र कंबरभरच आहे म्हणतात. मग श्रीलंकेपर्यंत पूल बांधणं एवढं अवघड का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : उथळ पाणी हीच तर अडचण आहे. श्रीलंकेतल्या तलैमन्नारपर्यंतचं अंतर सुमारे 30 किलोमीटर, आणि रामसेतू म्हणतात त्या वाळूच्या पट्ट्यांवर काही ठिकाणी पाणी जेमतेम मीटर-दोन मीटर. पाइल (तळात खोल रोवायचे पायाचे खांब) घेणारी यंत्रं, क्रेन, पुलाचे तयार गर्डर म्हणजे तुळया, हे सगळं बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेतून येतं आणि भरलेली बार्ज एवढ्या पाण्यात तळाला टेकते. मग एक तर तळ उपसायचा, नाही तर लोखंडी पाइलवर कामापुरता पूल पुढे सरकवत न्यायचा. उपशाचा गाळ प्रवाळावर बसतो, आणि शेजारीच मन्नारच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. कामापुरता पूल म्हणजे एका पुलाच्या खर्चात दुसऱ्याची भर.

भराव टाकून रस्ताही नको. इथला प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतो; तो अडवला की एकीकडे वाळू साचते, दुसरीकडे किनारा खचतो. खांबाच्या पायथ्याची वाळूही पाणी उकरून नेतं. वरचा कठीण थर लागला म्हणून पाइल तिथेच थांबवू नये, खाली पुन्हा वाळू असू शकते. आमच्या मते रेषा पट्ट्यांवरून न नेता उत्तरेला पाल्कच्या सामुद्रधुनीतून न्यावी. लांबी वाढेल, पण बार्ज चालतील आणि रामसेतूला हात लागणार नाही.

प्रश्न : रेल्वे जाऊ शकेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : रुळांची अडचण नाही. दोन्हीकडे 1676 मिलिमीटरचाच ब्रॉडगेज आहे आणि तलैमन्नारची लाइन 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. तुटलेला दुवा आपल्याकडे आहे: रामेश्वरम-धनुष्कोडी लाइन 1964 च्या चक्रीवादळात गेली, ती गेलीच. खरे शत्रू वारा आणि गंज. रामेश्वरमला जाणाऱ्या जुन्या पांबन रेल्वेपुलावर वारा ताशी 58 किलोमीटरवर गेला की गाडी थांबवत. एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाला स्टेनलेस स्टीलच्या सळया आणि पॉलिसिलॉक्सेनचा गंजरोधक लेप वापरला आहे. लाटा जिथे उडतात, तो भाग आधी सडतो: काँक्रीट आळीपाळीने भिजतं, सुकतं आणि मीठ आत सळईपर्यंत पोचतं.

प्रश्न : पूल झाला तर लासलगावचा कांदा ट्रकने थेट कोलंबोला जाईल? (एक व्यापारी, लासलगाव)

उत्तर : गाड्या दोन्ही देशांत डावीकडूनच चालतात, तेवढं सोपं. पण फायटो (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), कस्टम्स आणि परक्या देशात गाडी चालवायचा परवाना पुलाने सुटत नाही. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला आपला ट्रक सीमा ओलांडून पलीकडच्या बेनापोलच्या यार्डात माल उतरवतो. इथेही तसंच ठरलं, तर तलैमन्नारला गाडी बदलावी लागेल. ताडपत्रीखाली दोन-तीन दिवस रांगेत उभा राहिलेला कांदा घाम धरतो, मग सडतो. 2023 च्या जुलैत दोन्ही सरकारांनी फक्त व्यवहार्यता तपासायचं ठरवलं. तूर्त जहाजाच्या कंटेनरचंच बुकिंग करा.