तुमचे प्रश्न : तिन्हीसांजेचा आणि पहाटेचा चंद्र

संकष्टीला दिनदर्शिकेत छापलेल्या वेळी आम्हाला चंद्र कधीच दिसत नाही. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. छापलेली वेळ चुकीची असते का?
– एक वाचक, कोल्हापूर

वेळ बहुधा बरोबर असते, पण ती सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी काढलेली असते. समोर इमारत, झाडी किंवा डोंगर असेल तर चंद्र त्याच्या वर येईपर्यंत थांबणं आलंच. किती थांबायचं याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. हात पूर्ण ताणून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. पूर्वेकडची इमारत क्षितिजापासून एक मूठ उंच असेल, तर आपल्या अक्षांशावर चंद्राला तिच्या डोक्यावर यायला जवळजवळ पाऊण तास लागतो. अर्धी मूठ असेल तर वीस-बावीस मिनिटं.

दुसरी गोष्ट गावाची. वेळ मुंबईची छापलेली असेल, तर कोल्हापूरकरांना पाचेक मिनिटांचाच फरक पडेल. नागपूरकरांना मात्र चंद्र सुमारे पंचवीस मिनिटं आधी दिसायला हवा. आपल्या गावाची वेळ वेगळी दिली असेल तर तीच धरा.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते, ती म्हणजे गेल्या महिन्यात चंद्र जिथे उगवला तिथेच नजर लावून बसणं. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या संकष्टीला चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो, मे-जूनमध्ये आग्नेयेकडे. नेमक्या पूर्वेपासून हे अंतर दोन ते तीन मुठींपर्यंत जातं. त्यामुळे एका महिन्यात दोन इमारतींच्या फटीतून वेळेवर दिसलेला चंद्र पुढे काही महिन्यांनी शेजारच्या टाकीआड लपतो, आणि दोष मात्र पंचांगाला लागतो.

गुढीपाडव्यानंतरची कोर नावेसारखी आडवी आणि चांगली वर दिसते. हरतालिकेच्या सुमारास मात्र ती तिरकी, खाली, आणि बघता बघता मावळलेली. तिथी जवळपास सारखीच असताना असं का?
– एक वाचक, सातारा

कारण चंद्र ज्या वाटेने जातो ती वाट क्षितिजाशी दर ऋतूत वेगळा कोन करते. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात साधारण एकाच पट्ट्यातून फिरतात. मार्चमध्ये सूर्यास्ताच्या वेळी हा पट्टा आपल्याकडे जवळजवळ उभा असतो, सुमारे ८५ अंश. सप्टेंबरमध्ये तो ४८ अंशांपर्यंत कलतो. चंद्र सूर्यापासून १२ अंश दूर गेला असेल, तर मार्चमध्ये ते सगळे १२ अंश उंचीच्या रूपाने मिळतात. सप्टेंबरमध्ये फक्त नऊ. उरलेलं अंतर डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला जातं.

त्यात चंद्राची कक्षा या पट्ट्याशी ५ अंश कललेली आहे. मार्चमध्ये या कलाने चंद्र नुसता आजूबाजूला सरकतो. सप्टेंबरमध्ये तोच कल उंचीतून आणखी तीनेक अंश काढून घेऊ शकतो, किंवा उलट घालूही शकतो. म्हणून सगळेच भाद्रपद सारखे नसतात.

कोरीचा आकारही यातूनच येतो. उजळलेली कड नेहमी सूर्याकडे असते. सूर्य सरळ खाली असला की नाव दिसते. तो खाली-उजवीकडे असला की कोर कलते. पहाटेच्या कोरीचं गणित उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे वद्य त्रयोदशी-चतुर्दशीची कोर पूर्वेला छान आडवी आणि उंच मिळते.

तिथीबद्दल एक खुलासा. दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते. ‘प्रतिपदा’ लिहिलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चंद्र सूर्यापासून ६ अंशांवर असू शकतो किंवा १८ अंशांवरही. ६ अंशांवर कोर दिसण्याची आशाच नको. १५-१६ अंशांवर नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते. म्हणजे काही प्रतिपदांना कोर दिसते ती अशी.

बुध आजवर एकदाही दिसलेला नाही. कसा शोधावा?
– एक वाचक, सोलापूर

बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही. पुष्कळदा १८ वरच थांबतो. वर्षातून साधारण तीनदा संध्याकाळी आणि तीनदा पहाटे त्याची पाळी येते. आपल्याकडे संध्याकाळसाठी फेब्रुवारी ते मे, पहाटेसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर या पाळ्या धरा. ऑगस्टच्या पहाटेही चांगल्या असतात, पण त्या पावसात जातात.

तारीख निवडतानाच बरेच जण चुकतात. ‘सूर्यापासून सर्वात दूर’ अशी तारीख वाचून त्या दिवसापासून बघायला लागतात. संध्याकाळच्या पाळीत बुध त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात जास्त तेजस्वी असतो, नंतर त्याचीही कोर होत जाते आणि तो झपाट्याने मंदावतो. पहाटेच्या पाळीत नंतरचा आठवडा चांगला.

सूर्य कुठे मावळला ती खूण लक्षात ठेवा. तीस ते चाळीस मिनिटांनी त्या खुणेच्या वर सुमारे एक मूठ उंचीवर शोधा. ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण असेल तर आधी चंद्रावर किंवा लांबच्या टॉवरवर फोकस नीट करा. फोकस बिघडला असेल तर बुधाचा ठिपका पसरून उजळ आकाशात विरघळतो, आणि माणूस तासभर रिकामं आकाश चाळत राहतो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण डोळ्याला लावू नका. पहाटे सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी ती पेटीत गेलेली असावी.

रोज संध्याकाळी पश्चिमेला एक दिवा लाल-हिरवा लुकलुकतो. ड्रोन असेल का?
– एक वाचक, मडगाव

रोज त्याच बाजूला, त्याच सुमारास असेल तर तो बहुधा शुक्र. ग्रह लुकलुकत नाहीत हे डोक्यावरच्या आकाशापुरतं खरं. क्षितिजालगत हवेचा थर इतका जाड असतो की शुक्राचाही प्रकाश थरथरतो आणि त्याचे रंग सुटे होतात. खांबाच्या कडेला तो दिवा धरून, डोकं न हलवता चार मिनिटं थांबा. करंगळीच्या जाडीएवढा, म्हणजे सुमारे एक अंश सरकला तर तो आकाशातलाच.

शुक्राचं वेळापत्रक आठ वर्षांनी जवळजवळ तसंच परत येतं, फक्त दोन-अडीच दिवस अलीकडे. १७ ऑगस्ट २०१८ ला तो संध्याकाळी सूर्यापासून सर्वात दूर होता. २०२६ मध्ये ती तारीख १५ ऑगस्ट.

मोबाइलवर चंद्रकोरीचा फोटो नुसता पांढरा डाग येतो.
– एक वाचक, डोंबिवली

फोन आकाशाच्या अंधाराला बघून प्रकाश वाढवतो. पडद्यावर कोरीवर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. डिजिटल झूम नको. सूर्यास्तानंतर वीस ते तीस मिनिटांत, आकाश निळं असतानाच काढा. कोरीच्या आतला काळसर गोळाही हवा असेल (पृथ्वीवरून उसळलेल्या उजेडाने तो दिसतो), तर प्रो मोडमध्ये आयएसओ ४००, एक ते दोन सेकंद. फोन स्टँडवर, आणि दोन सेकंदांचा टायमर. बटण बोटाने दाबलं की फोन हलतोच.